साडेपाच तासांचा अंतरपाट

माझं आणि शाल्मलीचं लग्न १२ फेब्रुवारी २०४१ रोजी मिरजेत, तीनशे माणसांसमोर, सकाळी अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी रीतसर लागलं. जेवणात मठ्ठा कमी पडला, बाकी सगळं पुरलं.

आता हे लग्न झालंच नाही असं धरून पुढे वाचावं. मीही तसंच धरून चालतो. शाल्मलीनं तसं लिहून दिलं आहे, मीही लिहून दिलं आहे, आणि दोन्ही कागदांवर आवक क्रमांक पडलेला आहे.

तर, मी अनय बिडवई, वय बत्तीस, अविवाहित. पुण्यात सुसच्या टेकडीमागे क्ष-किरण खगोलशास्त्राचं एक केंद्र आहे. तिथे मी ‘निरांजन’ नावाच्या उपग्रहाला आज्ञा पाठवण्याचं काम करायचो. निरांजन ही पृथ्वीभोवती फिरणारी दुर्बीण. ती आपल्यासारखी साध्या उजेडात बघत नाही, क्ष-किरणांत बघते. तिला ‘अमुक वाजता तमुक दिशेला वळ’ असं सांगावं लागतं, आणि सांगितलं की ती वळते. का, कशाला, नक्की का, असं काही विचारत नाही. इतका सरळ स्वभाव मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

शाल्मली हर्डीकर त्याच केंद्रात संशोधक होती. तिची एक दीर्घिका होती, पाच कोटी प्रकाशवर्षांवरची आकाशगंगा. दीर्घिकेला नाव नव्हतं, नुसता लांबलचक आकडा होता. शाल्मली तिला ‘बाई’ म्हणायची. “बाईंनी आज पदर घेतलाय,” असं ती सकाळी आल्या आल्या सांगायची आणि मग दिवसभर कोणाशी बोलायची नाही.

पदराचं प्रकरण असं होतं. या दीर्घिकेच्या मधोमध एक प्रचंड कृष्णविवर आहे. त्यात पडणारा वायू पडता पडता इतका तापतो की क्ष-किरण फेकू लागतो. हा झाला दिवा. पण त्याच विवराभोवती गार वायूचे ढगही फिरत असतात. त्यातला एखादा आपल्या आणि दिव्याच्या मध्ये आला की दीर्घिका मंद दिसते. मग प्रश्न पडतो की दिवाच मंदावला, की दिव्यापुढे कोणी येऊन उभं राहिलं? लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

ओळखायची एक युक्ती आहे. क्ष-किरणांत मवाळ असतात आणि कडक असतात. ढग मवाळांना गिळतो, कडक मात्र बहुतेक वेळा त्यातून आरपार येतात. तेव्हा मवाळ गेले आणि कडक राहिले, तर दिवा शाबूत आहे, मध्ये ढग आलाय. दोन्ही सारखेच कमी झाले, तर दिव्याचंच काहीतरी बिघडलंय. मवाळ किती गिळले गेले, त्यावरून मध्ये वायू किती आहे तेही मोजता येतं.

शाल्मलीनं नऊ वर्षं बाईंचे मवाळ आणि कडक मोजले. ढग येत होते, जात होते, कधी पातळ, कधी दाट, पण नऊ वर्षांत पूर्ण उघडीप एकदाही मिळाली नव्हती. त्या मोजमापांवरून तिनं ‘झडप’ नावाची संगणक प्रणाली बनवली. कुठला ढग किती जाड, किती वेगानं फिरतोय, पुन्हा कधी आडवा येणार, याचा हिशोब झडप ठेवायची. आणि २०४०च्या दिवाळीत झडपनं सांगितलं की १२ फेब्रुवारीला, आपल्या घड्याळात सकाळी अकरा बेचाळीसला, सगळे ढग एकाच वेळी बाजूला असतील. अडीच तास. अंदाजात वीस मिनिटांची चूक धरावी.

त्या अडीच तासांत विवराच्या अगदी काठावरचा उजेड, मध्ये काहीही नसताना, पहिल्यांदा दिसणार होता. शाल्मलीची केंद्रातली नेमणूक मार्चमध्ये संपत होती, आणि हे निरीक्षण मिळालं तरच ती पुढे चालू राहणार होती. झडपच्या मते पुढची उघडीप २०७९ साली होती. तेव्हा शाल्मली एकोणसत्तर वर्षांची असेल.

ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि एका पंचांगकर्त्यांनी केंद्राला पत्र लिहून विचारलं, सदर उघडीप शुभ धरावी की अशुभ? आमच्या प्रकल्पप्रमुख इंगवले मॅडमनी ते पत्र ‘योग्य कार्यवाहीसाठी’ माझ्याकडे पाठवलं. मी केंद्राच्या कागदावर ‘शुभ’ असं कळवलं. पुढच्या वर्षीच्या पंचांगात ते छापून आलं. मला विनोद करायची सवय आहे आणि लोकांना ते अमलात आणायची.

आमचं लग्नाचं बोलणं मिरजेत, शाल्मलीच्या घरी झालं. तिचे वडील, नाना हर्डीकर, निवृत्त स्टेशनमास्तर. घरात पाच घड्याळं, पाचही सेकंदाला सेकंद जुळलेली.

“बारा फेब्रुवारी सोडून कुठलीही तारीख चालेल,” शाल्मली म्हणाली.

“बारा सोडली तर पुढे तीन महिने काही नाही,” नाना म्हणाले. “आणि बाराला तर पंचांगात दुहेरी शुभ दिलंय.”

मी खाली बघितलं.

“नाना, त्या दिवशी बाई पदर बाजूला करणार आहेत.”

“कोण बाई?”

“मी नियंत्रण कक्षात असायला हवी.”

“अगं, तिथे बसून काय करणार तू?” मी म्हणालो. “आज्ञा आदल्या दिवशी जाते. उपग्रह आपला आपण वळतो. त्यापेक्षा अंतरपाट आणि ढग एकदमच बाजूला करू. अकरा बेचाळीसला.”

हाही विनोदच होता. शाल्मली हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी तो मागे घेतला नाही. नानांनी तेवढ्यात खिशातून वही काढली होती.

“अकरा बेचाळीस,” त्यांनी लिहून घेतलं. “अप की डाउन?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. उपग्रहाच्या आज्ञा भारतीय वेळेत देत नाहीत, जागतिक वेळेत देतात. जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. म्हणजे आपले सकाळचे अकरा बेचाळीस हे तिथले सहा बारा. आमच्या कॅन्टीनच्या काकूंनाही हे माहीत आहे. शिवाय केंद्रात ‘दुसरी सही’ नावाची पद्धत आहे. आज्ञा टाइप करणाऱ्यानं ती मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं ऐकायची, चूक असेल तर अडवायचं, नसेल तर यंत्रावर बोट ठेवायचं. एका माणसाची चूक दुसऱ्याच्या कानावर पडल्याशिवाय आकाशात जाऊ नये, यासाठी ही पद्धत होती. बाईंच्या आज्ञेची दुसरी सही अर्थातच शाल्मलीची होती.

अकरा फेब्रुवारीला दुपारी मी कक्षात बसून आज्ञा टाइप करत होतो. मला चार वाजता मिरजेला निघायचं होतं. सकाळपासून आईचे तीन फोन येऊन गेले होते, “अकरा बेचाळीस, विसरू नकोस.” पत्रिकेवर अकरा बेचाळीस होतं. गाडीवाल्याला अकरा बेचाळीस सांगून झालं होतं. गुरुजींनी, फोटोग्राफरनं, बँडवाल्यांनी, सगळ्यांनी मला अकरा बेचाळीस विचारून घेतलं होतं. मी शाल्मलीला फोन लावला.

“बोल,” ती म्हणाली. “फोन मावशीनं कानाला धरलाय. माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी आहे, बोट कुठल्याच यंत्रावर उमटणार नाही. आवाजी सही घे.”

“लक्ष्य, बाई.”

“नीट वाच रे.”

मी नीट वाचलं. दीर्घिकेचा आकडा, दिशा, दुर्बिणीचा कोन. ती प्रत्येकाला ‘हं’ म्हणत गेली.

“वळण्याची वेळ, अकरा बेचाळीस.”

“अकरा बेचाळीस,” ती म्हणाली. मागे कोणीतरी बायका हसत होत्या. “बरोबर.”

“दुसरी सही?”

“मान्य. शाल्मली हर्डीकर. आणि उद्यापासूनही हेच नाव राहणार आहे.”

“हे आज्ञेत लिहायचं का?”

“पाठव रे आता!”

मी पाठवली.

लग्न उघड्या लॉनवर होतं. वर मांडवाचं कापड नको, आकाश दिसलं पाहिजे, हा माझा हट्ट. खरं तर बाई त्या वेळी आकाशात नव्हत्याच, पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, आमच्या पायाखाली होत्या. मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या पलीकडे शाल्मली आहे, एवढं मला तिच्या मुंडावळ्यांच्या टोकांवरून कळत होतं. ‘सावधान’ हा शब्द मी त्या दिवशी बऱ्याचदा ऐकला. एकदाही मला काही आठवलं नाही.

अकरा एकेचाळीसला गुरुजींचा माईक बंद पडला. नाना मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे होते. वायरमन आला, वायर हलवली, माईक सुरू झाला, शेवटचं मंगलाष्टक झालं आणि अंतरपाट बाजूला झाला. अकरा सत्तेचाळीस. पाच मिनिटं उशीर. चाळीस वर्षं गाड्या वेळेवर सोडलेल्या माणसाचा चेहरा एवढासा झाला.

“उघडलं असेल आता,” शाल्मली हार घालता घालता पुटपुटली.

“हो.”

ती माझ्याकडे न बघता पायांखालच्या गवताकडे बघत होती. फोटोत ती लाजल्यासारखी दिसते.

पंगतीत बायकांनी तिला नाव घ्यायला लावलं. ती असल्या गोष्टी टाळणारी, पण त्या दिवशी लगेच तयार झाली.

“पाच कोटी वर्षं प्रकाश, आला वाट चालत,
अनयचं नाव घेते, ढगाशी न बोलत.”

टाळ्या पडल्या. अर्थ कोणाला कळला नाही, पण यमक जुळलं होतं.

संध्याकाळी पाच बाराला माझा फोन वाजला. आम्ही दोघं सोफ्यावर बसून आहेर घेत होतो. उपग्रहाचा आपोआप येणारा संदेश होता, ‘आज्ञेनुसार वळलो.’ शाल्मलीनं तो माझ्या हातात वाचला. मग मनगटाकडे बघितलं, तिथे घड्याळ नव्हतं, मेंदी होती.

“पाच बारा,” ती म्हणाली.

थोड्या वेळानं म्हणाली, “अकरा बेचाळीस. जागतिक वेळ.”

बस, एवढंच. ती रडली नाही. समोर एक काका पाकीट घेऊन उभे होते, ते तिनं घेतलं, वाकून नमस्कार केला. नानांनी आमचे चेहरे बघितले.

“काय झालं गं?”

“गाडी चुकली, नाना.”

“कुठली?”

“एकच होती.”

नंतर कळलेल्या गोष्टी अशा. उघडीप झाली. एक परदेशी उपग्रह, ज्याचं काम सगळ्या आकाशावर ओझरती नजर टाकायचं आहे, त्याला ती जाता जाता दिसली. त्याचे डोळे जाडेभरडे, त्यातून बारकावे काही मिळत नाहीत, पण मवाळ किरण एकदम उसळले एवढी नोंद त्यानं केली. वेळ, आपल्या घड्याळात अकरा सत्तेचाळीस. झडपचा अंदाज फक्त पाच मिनिटांनी चुकला होता. शाल्मलीची नऊ वर्षं बरोबर निघाली. निरांजन वळला तेव्हा ढग परत आले होते. झडपची चूक आम्ही वीस मिनिटांची धरली होती. आमची धरली नव्हती.

उघडिपीच्या त्या अडीच तासांत निरांजन दुसऱ्या एका गटासाठी एक तारा बघत होता. शांत तारा आहे. त्यात काहीही घडलं नाही, याची अत्यंत उच्च दर्जाची नोंद आपल्याकडे आहे.

नानांना अकरा सत्तेचाळीसचं सांगितलं तेव्हा त्यांनी वही काढून ती वेळ लिहून घेतली. मग म्हणाले, “म्हणजे माईक वेळेवर बंद पडला होता.” त्या सबंध दिवसात वेळेवर झालेली ती एकच गोष्ट होती.

चौकशी एकतिसाव्या दिवशी सुरू झाली. त्याआधी समितीचं नाव काय ठेवायचं यावर एक समिती बसली होती. आवाजी सह्यांचं ध्वनिमुद्रण तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे पुरावा उरला नव्हता. उरले होतो आम्ही दोघं.

“बिडवई, दुसरी सही कोणाची घेतलीत?” इंगवले मॅडमनी विचारलं. त्या वेलदोडा चघळत होत्या. वाईट बातमीच्या दिवशी त्या वेलदोडा चघळतात.

“कोणाचीच नाही, मॅडम. घाई होती. मी तिची सही परस्पर नोंदवली.”

मी हे आदल्या दिवशी ठरवून आलो होतो. माझी नोकरी कायम होती, फार तर खातं बदललं असतं. निरीक्षण तिच्या चुकीनं हुकलं नाही असं ठरलं तरच तिची नेमणूक वाढणार होती, ती आता समितीच्या निकालावर टांगलेली होती.

मग शाल्मलीला आत बोलावलं. तिनं सांगितलं, “त्यानं मला वाचून दाखवलं होतं. मी ऐकलं आणि बरोबर म्हणाले.”

मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. “नियम चौदा. पती-पत्नींची एकमेकांविषयीची साक्ष ग्राह्य नाही. तुमचं लग्न झालंय ना?”

“हो.”

“नोंदणी?”

“लग्नानंतरच्याच सोमवारी जाणार होतो,” मी म्हणालो. “मग राहिलं.”

“मग समितीच्या दृष्टीनं अजून ठरायचंय,” मॅडम म्हणाल्या. वेलदोडा त्यांनी दुसऱ्या गालात घेतला. “झालं म्हणालात तर दोन्ही साक्षी रद्द, ठपका यंत्रावर. नाही म्हणालात तर दोन्ही ग्राह्य. दोघं बाहेर जाऊन या. मी चहा सांगते.”

बाहेर व्हरांड्यात निरांजनची मोठी तसबीर आहे, तिच्याखाली आम्ही उभे राहिलो.

“झालं म्हणून सांगू,” मी म्हणालो. “यंत्रावर जाईल. यंत्राला काय फरक पडतो?”

“तू खोटं का बोललास?”

“तुझी नेमणूक—”

“अनय, बरोबर मी म्हणाले. मी. नऊ वर्षं मी जागतिक वेळेत जेवले, झोपले, आणि त्या एका दिवशी मला अकरा बेचाळीस बरोबर वाटलं.” ती तसबिरीकडे बघत बोलत होती. “उघडीप गेली. निदान चूक तरी माझी माझ्याकडे राहू दे. तीही तू घेतलीस तर माझं त्यात काय उरतं?”

यावर मला एक विनोद सुचला होता. तो मी केला नाही. माझ्या आयुष्यातला न केलेला तो पहिला.

ती आत गेली आणि लग्न झालं नाही असं लिहून दिलं, आपली साक्ष खरी मानली जावी म्हणून. मग मीही तेच लिहून दिलं, माझी खोटी मानली जावी म्हणून. मॅडमनी दोन्ही कागद बराच वेळ हातात धरले. मग शिपायाकडे दिले.

निकाल दोन महिन्यांनी आला. साक्षी दोन परक्या व्यक्तींच्या असल्यानं दोन्ही ग्राह्य धरल्या होत्या. सबब दोन स्वतंत्र चुका, प्रत्येकी साडेपाच तास, एकूण अकरा. प्रत्यक्षात उपग्रह साडेपाचच तास उशिरा वळला. उरलेल्या साडेपाच तासांचा शोध चालू आहे, असं शेवटच्या परिच्छेदात म्हटलं आहे.

शाल्मलीची नेमणूक संपली. ती मिरजेत एका कॉलेजात शिकवते. मला जतन विभागात टाकलं. माझ्याकडे त्या शांत ताऱ्याची नोंद सांभाळायला दिली आहे. नोंदणी आता करता येत नाही, केली तर दोघांची साक्ष खोटी ठरते. आणि खरं सांगायचं तर तो नुसता कागदाचा प्रश्न नाही. मी काहीही बोलायला तोंड उघडलं की तिला ‘वळण्याची वेळ’ ऐकू येतं. तिनंच तसं सांगितलं, शांतपणे, मवाळ किरण किती गेले ते सांगावं तसं. कडक आहेत की नाही, ते मी विचारलं नाही.

आई फोनवर विचारते, जेवलास का. मी जेवलेला असतो.

गेल्या आठवड्यात मी एक अर्ज तयार केला. केंद्राकडे जाणाऱ्या निरीक्षणाच्या अर्जालाही दुसरी सही लागते. त्या आज्ञेनंतर चार महिन्यांनी मी तिला पहिल्यांदा फोन केला.

“अर्ज आहे,” मी म्हणालो. “वाचतो.”

मागे पाच घड्याळांची एकच टिकटिक ऐकू येत होती. मी वाचला, नीट वाचला. मध्ये तिनं एकदाही ‘हं’ म्हटलं नाही.

“वेळ?” तिनं शेवटी विचारलं.

“अकरा सत्तेचाळीस.”

“जागतिक वेळेत लिही.”

“सहा सतरा.”

“परत वाच.”

“सहा सतरा.”

बराच वेळ नुसती टिकटिक.

“मान्य,” ती म्हणाली. नाव सांगितलं नाही. फोन ठेवला.

अर्ज असा:

दि. १२ जून २०४१

प्रति,
मा. अध्यक्ष,
निरीक्षण-वेळ वाटप समिती

विषय: निघून गेलेल्या प्रकाशाच्या पुढे जाऊन उभे राहण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, दि. १२ फेब्रुवारी २०४१ रोजी जागतिक वेळ ६ वाजून १७ मिनिटांनी एका दीर्घिकेचा निरभ्र प्रकाश पृथ्वीच्या कडेने पुढे निघून गेला. त्याच मिनिटास, त्याच दिशेने, मिरज येथील एका लॉनवरूनही काही प्रकाश निघाला. हे दोन्ही प्रकाश तेव्हापासून शेजारी-शेजारी प्रवास करीत असून आजमितीस ते पृथ्वीपासून तीन लाख कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावर आहेत.

सबब विनंती की, प्रकाशापेक्षा अधिक वेग वापरण्यास खास बाब म्हणून मंजुरी देऊन निरांजन उपग्रह सदर प्रकाशांच्या पुढे नेऊन ठेवण्यात यावा व (अ) कृष्णविवराच्या काठाचे राहून गेलेले निरीक्षण पूर्ण करण्यात यावे. निरांजन यास साधा उजेड दिसत नसल्याने सोबत एक साधी दुर्बीण व दोन्ही सह्या करणाऱ्या व्यक्ती यांना नेण्यात यावे, जेणेकरून (ब) त्या मिनिटास लॉनवर नेमके काय झाले, याची त्यांना स्वतः पाहून खात्री करता येईल.

विलंब झाल्यास अंतर दर तासाला एकशे आठ कोटी किलोमीटरने वाढते, हे कृपया लक्षात घ्यावे.

अर्जदार: अनय बिडवई, जतन विभाग
दुसरी सही: आवाजी, मान्य
अर्जदाराची वैवाहिक स्थिती: (ब) चे निरीक्षण झाल्यावर कळविण्यात येईल. तोपर्यंत हा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा मिळावी, ही नम्र विनंती.